दगडाची धूळ आणि श्वासाची पुंजी

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे उभा राहतो तो बंगरा टेकडीवरील किल्ला. ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी तो १६१३ मध्ये बांधला. अठराव्या शतकात बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला, तेव्हा सुभेदार नारो शंकर यांनी त्याचा विस्तार केला आणि पुढे कोकणातून आलेल्या नेवाळकर घराण्याकडे झाशीचा कारभार गेला. पेणजवळच्या वरसई गावाहून निघालेल्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये या शहराची जी हकीकत लिहून ठेवली, ती मराठी वाचकांच्या पिढ्यांनी वाचली. १८५८ च्या वेढ्यात इंग्रजांच्या तोफांचा मारा ज्या भिंतींनी दिवसचे दिवस सोसला, त्या भिंतींचा दगड आजही तितकाच कणखर दिसतो.

हा दगड ग्रॅनाइटचा. भूवैज्ञानिकांच्या गणनेनुसार बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे भरते. सह्याद्रीचा काळा कातळ या मानाने अगदी अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोहोंत आणखी एक भेद आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या भेदातूनच सुरू होतो. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, अत्यल्प असतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र तो विपुल असतो. शिवाय बुंदेलखंडात ग्रॅनाइटला छेदून गेलेल्या, निव्वळ गारगोटीच्या लांबच लांब डोंगररांगाही आहेत. किल्ल्याच्या भिंतीत हा दगड निरुपद्रवी असतो. परंतु तोच फोडून, भरडून त्याची खडी करू लागले की त्यातून उठणारी धूळ माणसाच्या छातीत कायमचे घर करते.

झाशीच्या आसपास, झाशी-कानपूर मार्गावरील गोरामछियासारख्या भागांत, खडी तयार करणारे क्रशर अनेक वर्षांपासून आहेत. रस्ते, पूल, रेल्वेमार्ग आणि घरे यांना खडी लागते, आणि पाऊस बेभरवशाचा असलेल्या बुंदेलखंडातील शेतमजुराला कामही लागते. या दोन गरजांच्या मधोमध कामगाराचा श्वास उभा आहे. तो किती उरला, हे सांगणारे शास्त्र कसे घडले आणि ते आपल्याला काय शिकवते, याचा हा परामर्श.

विमा कंपनीच्या वैद्याचे यंत्र

नाडी मोजावी, ताप मोजावा, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होते. श्वास मोजता येतो, ही कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकात रुजली. लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनी पाण्यात उपडे बुडवलेले एक भांडे घेतले व त्याला वजनाचा तोल दिला. माणसाने छाती भरून श्वास घ्यावा आणि नळीतून तो संपूर्ण सोडावा. भांडे जितके वर उचलले जाईल तितका त्याचा श्वास. या यंत्राला त्यांनी ‘स्पायरोमीटर’ असे नाव दिले. खलाशी, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, मल्ल, निर्धन आणि धनिक अशा दोन हजारांहून अधिक लोकांची त्यांनी तपासणी केली आणि १८४६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वासाची धारणशक्ती उंचीनुसार वाढते, वयानुसार घटते आणि फुप्फुसाच्या रोगात ती रोग उघड होण्याआधीच कमी झालेली आढळते, हे त्यांनी दाखवून दिले.

बँकेच्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे हचिन्सन हे एका आयुर्विमा कंपनीचे वैद्य होते. विमा उतरवू पाहणाऱ्याचे आयुर्मान अजमावण्यासाठी हे यंत्र उपयोगी पडेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्वासाच्या या मापाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘जीवनधारणेची क्षमता’ असा होतो. त्यांचे म्हणणे त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. परंतु पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी झालेल्या अभ्यासांत श्वासाची क्षमता आणि आयुष्याची मर्यादा यांचा निकटचा संबंध वारंवार दिसून आला.

पहिला एक सेकंद

किती हवा बाहेर पडली याइतकेच, ती किती वेगाने पडली हेही महत्त्वाचे असते. फ्रान्सचे रोबेर तिफनो यांनी १९४७ मध्ये जोराने सोडलेल्या श्वासाचा पहिला सेकंद वेगळा मोजण्याची पद्धत मांडली. निरोगी तरुण माणूस आपल्या एकूण श्वासापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग या पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. श्वासनलिका आकसल्या असतील, तर हवा रेंगाळत बाहेर पडते आणि हे प्रमाण घसरते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही ते सत्तर टक्क्यांच्या खाली राहिले, तर आणि रुग्णाची लक्षणे व पूर्वेतिहास त्याला जुळत असतील तर, डॉक्टर दीर्घकालीन श्वासरोधाचे, म्हणजे सी.ओ.पी.डी.चे निदान करतात. दम्यात मात्र अशा औषधाने आकुंचन बहुधा बरेच ओसरते.

याउलट फुप्फुस स्वतःच घट्ट आणि ताठर झाले असेल, तर हवा वेगाने बाहेर पडते, पण मुळात आत मावतेच थोडी. हा संकोच दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये आढळतो. कित्येकदा एकाच रुग्णात दोन्ही दोष एकत्र असतात.

आजची स्पायरोमेट्री चाचणी काही मिनिटांची असते. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि नळीतून तो शक्य तितक्या जोराने, शेवटचा अंश संपेपर्यंत सोडायला लावतात. किमान तीन वेळा हा प्रयत्न करून त्यांतील मेळ पाहिला जातो. सुई नाही, वेदना नाही. तरीही रक्तदाब आणि रक्तशर्करा नियमाने तपासून घेणाऱ्या सुशिक्षितांपैकीही बहुतेकांनी ही चाचणी जन्मात एकदाही केलेली नसते.

धूळ आत काय करते?

प्रौढ माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून सरासरी अठ्ठेचाळीस कोटी वायुकोश असतात. दिवसभरात सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतला जातो आणि दहा हजार लिटरच्या आसपास हवा आतबाहेर होते. हवेतील जाड धूळ नाकात आणि घशात अडते. परंतु एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेले कण थेट आत शिरतात, आणि त्यांतील सर्वांत सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सूर्यकिरणात नाचताना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळ अधिक घातक ठरते ती यामुळेच.

वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. बाहेरून आलेला कण गिळून नष्ट करणे हे त्यांचे काम. सिलिकाचा कण गिळता येतो, पण पचवता येत नाही. उलट तो गिळणाऱ्या पेशीचाच नाश करतो. पेशी फुटते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. या न संपणाऱ्या झटापटीत भोवताली व्रण तयार होतात, त्यांच्या गाठी बनतात आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. काम सोडल्यानंतरही हा रोग पुढे सरकू शकतो. झालेले व्रण पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही.

हा रोग आरंभी गप्प असतो. साधारणतः दहा-वीस वर्षे धुळीत काढल्यावर तो उघड होतो. धूळ फारच दाट असेल तर त्याहून पुष्कळ लवकर. प्रथम चढावर धाप लागते, मग सपाटीवर, मग अंथरुणावरून उठतानाही. सुरुवातीच्या अवस्थेत स्पायरोमेट्रीचे आकडे ठीक दिसू शकतात आणि गाठी क्ष-किरण चित्रात आधी दिसतात. म्हणून अशा कामगाराच्या दोन्ही तपासण्या व्हाव्या लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. खोकला, वजनातील घट, क्ष-किरण चित्रातील डाग ही सर्व लक्षणे क्षयरोगाशी जुळतात. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोकाही इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो. परिणामी काहींना दोन्ही रोग असतात, तर काहींना क्षय नसतानाही क्षयाची औषधे पुनःपुन्हा घ्यावी लागतात. कागदोपत्री नोंद क्षयाची होते आणि दगडाच्या धुळीचे नाव कोठेही येत नाही. यावरचा साधा उपाय तीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेला आहे. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारण्याच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असा त्यांचा आग्रह होता: तुम्ही काम काय करता?

भारतातील नोंदी

भारतात सिलिकोसिसची पद्धतशीर पाहणी प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींत झाली. १९४० च्या दशकात तेथील ७,६५३ कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी ४३.७ टक्के कामगारांत हा रोग आढळला. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे शाळकरी मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली तयार होत असत. १९८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे दिसून आले. ज्या पेन्सिलीने देशाची मुले अक्षरे गिरवत होती, त्या पेन्सिलीची ही किंमत होती.

कायद्याने या रोगाची दखल घेतलेली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तो अधिसूचित रोगांच्या यादीत घातला. कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या २०२० च्या संहितेतही तो समाविष्ट आहे. कामामुळे जडलेला रोग म्हणून नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. मे १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि फरीदाबाद परिसरातील क्रशर वस्तीपासून दूर, स्वतंत्र क्षेत्रात हलवण्याचा आदेश दिला. राजस्थानने २०१९ मध्ये धूलिजन्य फुप्फुसरोगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करून निदान, प्रमाणपत्र आणि आर्थिक साहाय्य यांची साखळी बांधली.

तथापि भरपाई मागणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: रोग हाच आहे आणि तो याच कामातून झाला आहे. रोजंदारीवर, मुकादमामार्फत, आज या क्रशरवर तर उद्या त्या क्रशरवर काम केलेल्या माणसाजवळ हजेरीचा कागद नसतो. पहिली गोष्ट फुप्फुसे सांगतात. दुसरी सांगायला कोणीच नसते.

मुंबई आणि पुणे येथील कार्य

श्वसनक्रियेच्या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत मुंबईच्या हवेचा आणि मुंबईकरांच्या छातीचा एकत्रित अभ्यास केला. चेंबूर, लालबाग आणि खार अशा कमी-अधिक प्रदूषणाच्या भागांतील रहिवासी आणि त्यांच्या तुलनेसाठी ग्रामीण भागातील लोक त्यांनी निवडले आणि एकदाच नव्हे, तर काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला. हवा दूषित असलेल्या भागांत खोकला आणि धाप यांचे प्रमाण अधिक होते, हे त्यातून पुढे आले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली, तेव्हा मुंबईत पोहोचलेल्या वायुपीडितांच्या फुप्फुसांची तपासणीही याच पथकाने केली आणि आपली निरीक्षणे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केली.

पुण्यात डॉ. संदीप साळवी यांच्या नेतृत्वाखाली चेस्ट रिसर्च फाउंडेशनने या कार्याला व्यापक रूप दिले. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावांतील सुमारे ७,४०० डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या रुग्णांची नोंद केली. २,०४,९१२ रुग्णांच्या या नोंदींत निम्म्याहून अधिक जण श्वसनसंस्थेच्या तक्रारी घेऊन आलेले होते. त्याआधी, २००९ मध्ये, डॉ. साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात एका रूढ समजुतीला धक्का दिला होता. सी.ओ.पी.डी. हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा रोग नव्हे. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, बालपणीचे श्वसनविकार आणि क्षयरोग यांमुळेही तो जडतो, असे त्यांनी साधार मांडले.

बुंदेलखंडातील घरांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. पुरुष क्रशरच्या धुळीत आणि बिडीच्या धुरात, तर स्त्री लाकूड व गोवऱ्यांच्या धुरात, असे अर्धे आयुष्य गेलेली कुटुंबे तेथे थोडी नाहीत. मे २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी अशा घरांपर्यंत पोहोचू लागली. शेगडी आली तरी सिलिंडर पुन्हा भरून घेणे जमले तरच धूर थांबतो, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार १९९० मध्ये देशात सी.ओ.पी.डी.चे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, तर दीर्घकालीन श्वसनविकारांनी होणाऱ्या आरोग्यहानीत तो ३२ टक्के आढळला.

पुंजी आणि तिची घट

फुप्फुसांची क्षमता वयाच्या वीस-पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढत जाते. त्यानंतर ठेव वाढत नाही. ती जपूनच वापरावी लागते. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पीटो यांनी लंडनमधील ७९२ कामकरी पुरुषांचा आठ वर्षे मागोवा घेऊन १९७७ मध्ये हे चित्र स्पष्ट केले. अमेरिका आणि कॅनडातील अभ्यासात अकरा वर्षांनंतर असे दिसले की, धूम्रपान सोडलेल्या पुरुषांत पहिल्या सेकंदाचा श्वास वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटत होता. न सोडलेल्यांत ही घट ६६ मिलिलिटर होती. गेलेली रक्कम परत येत नाही, पण गळती थांबवता येते. सोडण्याचा दिवस कधीच फार उशिराचा नसतो, असा याचा अर्थ.

२०१५ मध्ये आणखी एक बाब पुढे आली. सी.ओ.पी.डी. झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची घट वेगाने झालेलीच नव्हती. त्यांची क्षमता तारुण्यातच कमी होती. म्हणजे मुळात खात्यात ठेवच थोडी होती. गर्भावस्थेतील कुपोषण, जन्मतः कमी वजन, लहानपणी वारंवार होणारा न्यूमोनिया आणि घरातला धूर ही या कमतरतेची कारणे मानली जातात.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. सतरा देशांतील अभ्यासात, उंची व वय समान धरूनही, दक्षिण आशियातील निरोगी माणसांचा पहिल्या सेकंदाचा श्वास युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. अनेक वर्षे ही वंशाची देणगी मानून भारतीयांसाठी खालचे प्रमाणमाप वापरले गेले. परंतु ही तूट जन्मजात ठेवणीची की पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाची, धुराची आणि धुळीची? तूटच जर प्रमाण म्हणून स्वीकारली, तर रोगी माणूसही कागदावर निरोगी ठरतो आणि ज्याची भरपाई या आकड्यावर अवलंबून आहे, त्याचे मोठे नुकसान होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या थोरॅसिक सोसायटीने वंशनिहाय मापे सोडून एकच समान माप वापरण्याची शिफारस केली. आता प्रश्न आहे तो हे माप भारतात कसे लागू करावे याचा.

करता येण्याजोगे

सिलिकोसिस बरा होत नाही, पण तो पूर्णतः टाळता येतो. दगड फोडताना आणि भरडताना पाण्याचे फवारे, खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर आच्छादन, चाळण्यांभोवती बंदिस्त कक्ष, आवाराला वारा अडवणारी भिंत आणि झाडांचा पट्टा हे उपाय प्रदूषण नियंत्रण मंडळांनी सांगितलेले आहेत आणि ते खर्चाच्या आवाक्यातील आहेत. तोंडाला बांधलेला गमछा सूक्ष्म धूळ अडवत नाही; त्यासाठी प्रमाणित मुखपट्टीच हवी. कामावर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने छातीचे क्ष-किरण चित्र व स्पायरोमेट्री झाली, तर घट वेळीच लक्षात येते. झाशीत १९६८ पासून राणीच्या नावाने चालणारे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. सर्व बुंदेलखंडातून रुग्ण तेथे येतात. तेथवर पोहोचलेल्या रुग्णाने आपण धुळीत किती वर्षे काढली हे आपण होऊन सांगणे, हा निदानाचा अर्धा भाग असतो.

या साखळीत बँकेलाही स्थान आहे. क्रशरसाठी कर्जाचा प्रस्ताव शाखेत येतो, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती केवळ कागदपत्रांच्या यादीतील एक ओळ म्हणून पाहायची, की स्थळपाहणीच्या वेळी फवारे खरोखर चालू आहेत का हेही पाहायचे, हे अधिकाऱ्याच्या हाती असते. फवाऱ्यांचा आणि आच्छादनांचा खर्च प्रकल्पखर्चातच धरला, तर उद्योजकालाही तो नंतरचा भार वाटत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे मजुराच्या हाती खात्याचे पुस्तक आले आहे. मजुरी रोखीने न देता त्या खात्यात जमा झाली, तर ‘हा माणूस या ठिकाणी, इतकी वर्षे कामाला होता’ याची तारीखवार नोंद आपोआप तयार होते. पुढे कधी भरपाई मागण्याची वेळ आली, तर हेच पासबुक त्याच्या बाजूने बोलू शकते.

घरोघरी करण्याजोग्या गोष्टीही आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, धुळीत वा धुरात काम केलेल्या, किंवा जिना चढताना दोन वर्षांपूर्वीपेक्षा अधिक धाप लागणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्पायरोमेट्री करून घ्यावी आणि तो कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी तुलनेला त्याचाच उपयोग होतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना करून प्राणायामाला प्रयोगशाळेची जोड दिली. श्वसनाचे स्नायू बळकट ठेवण्यास असा अभ्यास साहाय्यकारी ठरतो; मात्र फुप्फुसात रुतलेला सिलिकाचा कण कोणत्याही आसनाने निघत नाही, हे विसरू नये.

झाशीच्या किल्ल्यावरून खाली पाहिले की बुंदेलखंडाचा खडकाळ मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. तो दगड फुटणार, त्याची खडी होणार, तिच्यावरून रस्ते जाणार. त्यांची गरज आहे. मात्र तो दगड फोडणाऱ्या माणसालाही त्या रस्त्यावरून, धाप न लागता, आपल्या घरी चालत जाता यावे, इतके भान खडी विकत घेणाऱ्या, विकणाऱ्या आणि तिच्यासाठी कर्ज देणाऱ्या प्रत्येकाने ठेवणे अगत्याचे आहे.